बसण्याची सवय कुणाची? माणसाची की ऑफिसची?



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता खुर्ची-टेबलावर काय बोलणार? हा विषय हाडांच्या डॉक्टरांचा, नाहीतर इंटिरियर करणाऱ्यांचा." शंका रास्त आहे. पण आपण रोज एक वाक्य म्हणतो, आणि त्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न दडलेला आहे. ते वाक्य असं: "मला बसून राहायची सवयच लागलीय."

आता बघा. टेबलावर काम करणारा माणूस दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत असतो. डॉक्टर सांगतात, अधूनमधून उठत जा. तो ठरवतो. सोमवारी चार वेळा उठतो, मंगळवारी दोनदा, गुरुवारी विसरतो. मग स्वतःलाच बोल लावतो, की माझ्यात निश्चय नाही, मी आळशी आहे. हा बोल योग्य ठिकाणी लागतोय का, एवढंच मला आज तपासायचं आहे. सवय 'माझी' असं आपण म्हणतो, तेव्हा ती किती माझी असते आणि मी ज्या जागेत बसतो त्या जागेची किती?

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. दोष माणसाचा असेल तर उपाय म्हणजे उपदेश. दोष जागेचा असेल तर उपाय म्हणजे जागा बदलणं, आणि ते काम ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याचं. म्हणजे जबाबदारी कुणाची, असा हा प्रश्न आहे.

बसणं आणि मान

आधी आपली भाषा काय सांगते ते पाहू. 'बैठक' हा शब्द घ्या. चार माणसं कामासाठी जमली की बैठक. घरातली बाहेरची खोली बैठकीची. गाण्याची बैठक असते. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, "तुझी बैठक कमी पडते." विचारांना वैचारिक बैठक लागते. आणि तालमीत जोर मारून झाल्यावर काढतात त्याही बैठकाच! तासन्‌तास न हलणं आणि शंभर वेळा खाली-वर होणं, दोन्हीला शब्द एकच. ऑफिसात शिरताना त्यातला दुसरा अर्थ मात्र दाराबाहेर राहिला.

शिवाय आपल्याकडे बसणं हा मान आहे. पाहुण्याला पहिला शब्द "या, बसा." घाईत आलेला माणूस "उभ्या उभ्या आलो" असं सांगून जवळजवळ माफी मागतो. शाळेत शिक्षा काय, तर बाकावर उभा राहा. साहेबांसमोर उभं राहायचं, त्यांनी सांगितलं तर बसायचं. सत्तेला आपण नावच 'खुर्ची' दिलं आहे. त्यामुळे ऑफिसात "उठा, हिंडा" असा सल्ला देणाऱ्याने लक्षात ठेवावं, की तो नुसत्या स्नायूंशी बोलत नाही, तो एका फार जुन्या मानाशी बोलतो आहे. आणि जी मंडळी विरारहून किंवा कर्जतहून लोकलमध्ये तास-दीड तास उभ्याने येतात, चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकायला मिळालं तरी धन्य मानतात, त्यांना ऑफिसात खुर्ची दिसल्यावर काय वाटत असेल हे वेगळं सांगायला नको.

सवय राहते कुठे?

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच.

वैशेषिक दर्शनात 'संस्कार' नावाचा एक गुण सांगितला आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे फेकलेला दगड पुढे जात राहतो तो. भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला ठसा, ज्यातून आठवण होते. आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की पूर्वीच्या जागी जाते, ते. भावना ही आत्म्यात, स्थितिस्थापक हा वस्तूत.

सवयीचा विचार करताना आपण सगळा भर भावनेवर देतो. म्हणजे सवय माझ्या आत आहे, मनाच्या जोरावर मी ती पुसणार. ॲरिस्टॉटलही काहीसं असंच सांगतो, की पुन्हा पुन्हा करून माणूस तसा होतो. हे खरंच आहे. पण माझं म्हणणं असं, की सवयीचा एक हिस्सा वस्तूत असतो. वैशेषिकांनी हे ऑफिससाठी म्हटलेलं नाही बरं का, हा उपयोग मी करतोय! तुम्ही निश्चय करून फांदी वाकवता, म्हणजे उठता. हात सुटला की फांदी जागेवर जाते, म्हणजे तुम्ही परत बसता. कारण फोन टेबलावर, कागद टेबलावर, पडदा टेबलावर, आणि उभं राहून करावं असं त्या खोलीत काहीही नाही. फांदीचा तो ताण तुमच्या मनात नाही, तो खोलीच्या रचनेत आहे.

जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात हीच बाजू वेगळ्या तऱ्हेने मांडली. परिसरातली प्रत्येक वस्तू प्राण्याला काही करण्याची संधी देऊ करते, असं तो म्हणतो. गुडघ्याच्या उंचीचा सपाट दगड बसायची संधी देतो, पायरी चढायची. ही संधी नुसती दगडात नसते, नुसती आपल्यातही नसते. दगडाची उंची आणि आपल्या पायाची लांबी, या दोहोंच्या नात्यात ती असते. हे पटलं तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. आपल्या ऑफिसांनी गेल्या शे-सव्वाशे वर्षांत आपल्याला कसल्या संधी देऊ केल्या, आणि कसल्या काढून घेतल्या?

गादी, टेबल आणि घंटी

ऑफिसची रचना ठरवून करावी, हा विचार काही साहेबाने आणलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटल म्हणजे हिशोबाची कचेरी कशी बांधावी ते सांगितलं आहे: दार पूर्वेला किंवा उत्तरेला, बसायच्या जागा वेगवेगळ्या, आणि नोंदीच्या पुस्तकांसाठी ठरलेली जागा. आपल्याकडच्या पेढ्या आठवा. खाली गादी, पाठीशी तक्क्या, पुढ्यात उतरत्या फळीची छोटी पेटी, आणि मुनीम मांडी घालून. मोडी लिहिणारा कारकून एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरायचा. या बसण्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे आसन बदलत राहावं लागे. मांडी अवघडली की पाय पसरायचे, नाहीतर एक गुडघा वर घ्यायचा. दुसरी म्हणजे उठायचं तर जमिनीपासून उठायचं, त्यात आख्खा पाय आणि कंबर कामाला लागते. दिवसातून दहा वेळा असं उठणं म्हणजे तालमीतल्या दहा बैठकाच.

पूर्वीचं सगळं चांगलं होतं, असं मी अजिबात म्हणत नाही. त्या कारकुनांच्या पाठी वाकलेल्याच असायच्या आणि डोळे लवकर जायचे. मला एवढंच दाखवायचं आहे, की खुर्ची आली तेव्हा नुसतं फर्निचर बदललं नाही, शरीराचा दिवसभराचा कार्यक्रम बदलला.

इंग्रजी अमदानीत टेबल-खुर्ची आली आणि तिच्यासोबत आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे टेबलावरची घंटी. साहेबाने बसायचं, घंटी वाजवायची, शिपायाने फाईल आणायची. पद जितकं वरचं तितकं उठणं कमी. आजही कितीतरी ऑफिसांत ज्येष्ठ अधिकारी स्वतः उठून पाणी घ्यायला गेला तर हाताखालचे लोक कावरेबावरे होतात. ही रचना चालण्याची वाटणी करते. एकाने दिवसभर बसायचं आणि दुसऱ्याने त्याच्या वाटचं चालायचं.

कारकुनाने उठूच नये

अमेरिकेत हे वेगळ्या वाटेने झालं. फ्रेडरिक टेलरचं कामाच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ साली आलं. ते मुख्यतः कारखान्यांबद्दल होतं. विल्यम लेफिंगवेल नावाच्या गृहस्थाने तोच विचार ऑफिसात आणला, १९१७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा मूळ सिद्धांत असा, की काम कारकुनाकडे आलं पाहिजे, कारकुनाने कामाकडे जाता कामा नये. टेबलं अशी लावायची की कागद एका हातातून पुढच्या हातात जाईल आणि कुणाला उठावं लागणार नाही. पिण्याच्या पाण्याचाही त्याने हिशोब मांडला. पाण्यासाठी प्रत्येक कारकून सरासरी १०० फूट चालला, तर सगळ्या ऑफिसचे मिळून वर्षाला हजारो मैल होतात आणि मालकाचा तेवढा वेळ बुडतो, असा त्याचा युक्तिवाद होता.

या हिशोबाकडे नीट बघा. आज आपण घड्याळाकडे बघून "आज इतकी पावलं झाली" म्हणून खूश होतो. लेफिंगवेलच्या वहीत ती पावलं नुकसानीच्या खात्यात होती. आपण जी सवय आळस म्हणून ओळखतो, तिचा काही भाग कुणीतरी कागदावर आकडेमोड करून घडवलेला आहे.

फ्रँक लॉइड राइट हा थोर वास्तुशिल्पी. त्याने बफेलो शहरात लार्किन कंपनीची इमारत बांधली, ती १९०६ साली सुरू झाली. उजेड, हवा, भिंतीत बसवलेली कपाटं, सगळं काळाच्या पुढचं. पण तिथल्या काही टेबलांना खुर्ची जोडूनच टाकली होती. लोखंडी दांड्यावर फिरणारी बैठक, काम झालं की टेबलाखाली सरकवायची, म्हणजे झाडलोट सोपी. छान कल्पना! फक्त तीवर बसणाऱ्याला खुर्ची पुढे-मागे घेता येत नव्हती. पुढे १९३९ साली जॉन्सन वॅक्स कंपनीच्या इमारतीसाठी त्याने तीन पायांची खुर्ची केली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सरळ बसला नाहीत, तर खुर्ची कलंडायची. म्हणजे 'नीट बसा' हा हुकूम कुणी तोंडाने द्यायची गरजच उरली नाही, खुर्चीच तो देत होती. नंतर त्या खुर्चीला चौथा पाय लावावा लागला.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

बसून राहण्याने नुकसान होतं, हे कळलं कसं? ही कथा ऑफिसातली नाही, लंडनच्या डबलडेकर बसमधली आहे. मुंबईकरांना चटकन कळेल, कारण बेस्टची डबलडेकर १९३७ पासून आपल्याकडे होती. त्या बसमध्ये दोन माणसं, सारखाच पगार-पाणी, सारखाच रस्ता, सारखाच धूर. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांची माहिती जमवली आणि १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापला. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा होत होता. टपालखात्यातही तेच दिसलं, पत्रं वाटत हिंडणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे होते.

पण इथे घाई करायची नाही. मॉरिस स्वतः सावध माणूस होता. आधीच जाड असलेली माणसं ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? म्हणून त्याने आणि सहकाऱ्यांनी गणवेशांची मापं काढली, कमरेची मापं! १९५६ साली ती छापली. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच मोठ्या होत्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे थोडा भाग नोकरीचा, थोडा माणसाच्या आधीच्या ठेवणीचा. कार्यकारणभाव शिकवताना मला हे उदाहरण फार आवडायचं. एकाच कारणावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही, पण म्हणून ते कारण खोटंही ठरत नाही. नंतरच्या सत्तर वर्षांच्या संशोधनाने मूळ गोष्ट उचलून धरली आहे. फार वेळ न हलता बसणं शरीराला महागात पडतं.

चांगल्या हेतूचं काय झालं?

आता एक गोष्ट सांगतो, ती मला जरा दुःखाची वाटते. रॉबर्ट प्रॉप्स्ट हा हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा संशोधक. त्याला दिसलं, की दिवसभर एकाच जागी बसणं माणसाच्या शरीरालाही मारक आणि डोक्यालाही. म्हणून १९६४ साली जॉर्ज नेल्सनच्या मदतीने त्याने 'ॲक्शन ऑफिस' आणलं. त्यात उभं राहून लिहायचं उंच टेबल होतं, टेकायला उंच स्टूल होतं. माणसाने कधी उभं राहावं, कधी बसावं, हिंडावं, ही कल्पना. कौतुक झालं, पण माल महाग होता, खपला नाही. १९६८ साली दुसरी आवृत्ती आली. हलक्या पडद्यांसारख्या भिंती, हव्या तशा जोडता येणाऱ्या. प्रॉप्स्टच्या मनात त्या मोकळ्या, रुंद कोनात लावायच्या होत्या. कंपन्यांनी त्या काटकोनात जोडल्या, कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसं बसवली, आणि त्यातून तयार झालं क्युबिकल. माणसाला उठवण्यासाठी केलेली वस्तू माणसाला खोक्यात बसवण्यासाठी वापरली गेली. म्हातारपणी प्रॉप्स्टने या प्रकाराला वेडेपणाच म्हटलं.

यातून काय शिकायचं? वस्तूचा हेतू वस्तूत राहत नाही. ती कुणाच्या हिशोबात बसते यावर सगळं ठरतं. लेफिंगवेलचा हिशोब तसाच राहिला आणि फक्त फर्निचर बदललं, तर माणूस बसलेलाच राहणार.

नंतर संगणक आला आणि उरलीसुरली पावलंही गेली. जुन्या ऑफिसात निदान फाईल शोधायला रेकॉर्डरूमपर्यंत जावं लागे, जावक बारनिशीत नोंद करायला दुसऱ्या टेबलाशी जावं लागे, सहीसाठी साहेबांच्या खोलीत. ई-ऑफिस आलं, सगळं पडद्यावर आलं. कामाला गती आली, लोकांचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. पण ती जी पावलं होती, ती कुणी 'व्यायाम' म्हणून लिहून ठेवली नव्हती. त्यामुळे ती गेली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग कसली रचना बरी?

इथे संशोधन काय सांगतं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सरकारी इमारतींतल्या २३१ कर्मचाऱ्यांच्या अंगावर मोजयंत्रं लावून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भिंती नसलेल्या मोकळ्या बाकांवर बसणारे लोक स्वतंत्र खोलीतल्या लोकांपेक्षा सुमारे ३२ टक्के आणि क्युबिकलमधल्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त हालचाल करत होते. लगेच म्हणू नका, "पाडा भिंती!" त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला. भिंती काढून मोकळं ऑफिस केलेल्या दोन कंपन्यांत समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल वाढले. चारी बाजूंनी दिसत असलेला माणूस कवच म्हणून कानाला हेडफोन लावतो. म्हणजे भिंत पाडली की माणूस मोकळा झाला, असं सरळ गणित नाही.

जिन्याचं उदाहरण जास्त स्पष्ट आहे. लॉस एंजेलिसमधल्या राज्य वाहतूक खात्याच्या इमारतीत मुख्य लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबते. तिथे उतरायचं आणि रुंद, उजेडाच्या, लोक दिसतील अशा जिन्याने एखादा मजला वर किंवा खाली जायचं. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी सगळ्या मजल्यांवर थांबणारी वेगळी लिफ्ट आहे. अभ्यासकांनी मोजलं, तर हा उघडा जिना बंदिस्त जिन्यापेक्षा कित्येक पटींनी वापरला जात होता. आपल्याकडे जिना कुठे असतो? लिफ्टच्या मागे, जड लोखंडी दाराआड, दिवा गेलेला, कोपऱ्यात पिचकाऱ्या आणि मोडकी कपाटं. आणि वर पाटी असते, 'जिन्याचा वापर करा, निरोगी राहा.' पाटी माणसाला सांगते एक आणि इमारत सांगते दुसरं. जिंकते इमारत.

वर-खाली होणाऱ्या टेबलांचं काय? वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात दिसलं, की पहिल्या तीन महिन्यांपर्यंत अशा टेबलांनी कामाच्या दिवसातलं बसणं सरासरी १०० मिनिटांनी घटतं. पुरावा मात्र फार भक्कम नाही, असंही त्यांनीच म्हटलं आहे. आणि नुसतं उभं राहण्याने फार काही जळत नाही. बसणं आणि उभं राहणं यातला खर्च अगदी किरकोळ. शरीराला हवी असते ती हालचाल. २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून एक निष्कर्ष आला. रोज ६० ते ७५ मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल करणाऱ्यांत, दिवसाला आठ तासांहून जास्त बसण्याचा जादा धोका जवळपास पुसला जातो. आनंदाची बातमी आहे. पण तास-सव्वा तास! ज्याचे तीन तास येण्या-जाण्यात जातात, त्याने तो कुठून काढायचा?

उभं राहायला भाग पाडलेले

आणि आता नाण्याची दुसरी बाजू. बसणं वाईट, उभं राहणं चांगलं, अशी समजूत घेऊन तुम्ही इथून गेलात तर माझं व्याख्यान फुकट गेलं. केरळात कापडाच्या आणि दागिन्यांच्या मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दहा-बारा तास बसायची परवानगी नसे. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. भिंतीला टेकलं तरी बोलणी. पाय सुजायचे, शिरा फुगायच्या. कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सहकारी बायका वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा २०१८ साली केरळने कायद्यात बसण्याचा हक्क घातला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच बदल केला. इंग्लंडमध्ये दुकानातल्या बायकांसाठी बसायची सोय करण्याचा कायदा १८९९ सालचा!

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. एकीकडे वातानुकूलित हॉलमध्ये उठायला न मिळणारा मुलगा. दुसरीकडे तेवढ्याच वातानुकूलित दुकानात बसायला न मिळणारी मुलगी. दोघांची दुखणी उलटी, पण मुळाशी एकच गोष्ट. आपलं शरीर केव्हा कसं ठेवायचं, हे त्यांनी ठरवलेलं नाही. पतंजलीने आसनाविषयी सांगताना स्थिरतेच्या बरोबरीने सुखाची अट घातली. हे सुख बाहेरून कुणी ठरवून देऊ शकत नाही, बसणाऱ्यालाच ते कळतं.

म्हणून माझं सूत्र असं आहे: चांगलं ऑफिस म्हणजे ज्यात माणसाला, कुणाची परवानगी न मागता आणि कुणाची नजर न झेलता, आसन बदलता येतं. बाकी टेबल कितीचं आणि खुर्ची कुठली, हे नंतर.

त्यासाठी फार पैसे लागतात असंही नाही. जिना स्वच्छ करा, दिवा लावा, दार उघडं ठेवा. पाण्याची आणि चहाची जागा थोडी लांब, पण सगळ्यांची एकच ठेवा. लेफिंगवेलच्या बरोबर उलट! छापयंत्र प्रत्येकाच्या कोपराशी नको. खिडकीशी उंच फळी ठोका, फोनवर बोलायला, वाचायला तिथे उभं राहता येईल. अर्ध्या तासाची चर्चा असेल तर चालत करा. आणि सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात अवघड उपाय म्हणजे साहेबाने स्वतः उठावं. जागेवर दिसतो तो काम करतो, ही समजूत जोवर साहेबाच्या डोक्यात आहे, तोवर पन्नास हजारांचं टेबलही बसलेलंच राहील.

माणसावर काहीच जबाबदारी नाही, असं मात्र मी म्हणत नाही. भावना हा संस्कार आपलाच आहे. पण फांदी परत जागेवर का जाते ते कळलं, की माणूस स्वतःला शिव्या देणं थांबवतो आणि फांदी बांधायला दोरी शोधतो. निश्चयापेक्षा दोरी टिकाऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, माझी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. जिने चढायला लावणारी इमारत म्हणजे आमच्यावर अन्यायच नाही का?

उत्तर: ताई, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे. म्हणून मी त्या दुसऱ्या लिफ्टचा मुद्दाम उल्लेख केला. एक सक्ती काढून दुसरी लादायची नाही. जिना आकर्षक करणं वेगळं आणि लिफ्ट बंद करणं वेगळं. तुमच्यासाठी आसन बदलणं म्हणजे हाताला आधार मिळेल अशी खुर्ची असेल, टेबलाजवळ चार पावलं टाकायला मोकळी जागा असेल. हालचाल किती आणि कशी, हे ज्याचं त्याने ठरवायचं, एवढंच सूत्र.

प्रश्न: माझा मुलगा घरून काम करतो. तिथे साहेब नाही, क्युबिकल नाही. तरी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत उठत नाही. मग दोष जागेचा कसा?

उत्तर: छान प्रश्न आहे. साहेब नाही म्हणता, पण पडद्यावर हिरवा ठिपका असतो की नाही? माणूस जागेवर आहे का, हे दाखवणारा? तो ठिपका म्हणजे साहेबाची नजरच, घरात आलेली. शिवाय घरून काम करताना स्टेशनपर्यंतचं चालणं गेलं, जिना गेला, जेवायला खाली उतरणं गेलं. पाणी आई आणून देते! म्हणजे घरातही घंटी आणि शिपाई आलेच, फक्त शिपायाचं काम आईकडे आलं. तेव्हा उद्यापासून एक करा. पाण्याचा तांब्या टेबलावर नेऊन देऊ नका. तो स्वयंपाकघरातच राहू दे. त्याला तहान लागली की तो उठेल.

आता वेळ झाली. तासभर तुम्हालाही मी बसवून ठेवलं आहे. दोन मिनिटं पाय मोकळे करा, मग बाहेर चहा आहे.